कस्तुराबाई फोन उचलतात

कस्तुराबाईंच्या ओसरीवरचा फोन वाजला की गल्लीच्या अलीकडे, आपल्या खोलीत लॅपटॉपसमोर बसलेल्या संस्कृतीला तो स्पष्ट ऐकू येई. शेलूबाजारच्या त्या जुन्या वस्तीत गल्ली एवढी अरुंद, की समोरच्या घरातली फोडणी या घरात ठसका आणी. घंटी दोनदा-तीनदा वाजे, मग थांबे, आणि लगेच संस्कृतीच्या पडद्यावर त्या नंबरापुढे एक हिरवी खूण उमटे. फोन उचलला गेला. चाचणी यशस्वी. संस्कृती पुढच्या कामाला लागे.

ती मूळची वाशीमची. संगणकाची पदवी घेतलेली, आणि लग्न होऊन शेलूबाजारात आल्यावर शिक्षण वाया जाणार म्हणून मनातून खचलेली. मग पुण्याच्या एका कंपनीचे घरबसल्या काम मिळाले, तेव्हा तिच्या नवऱ्याने, हरीओमने, हमरस्त्यावरच्या आपल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी भरून देण्याच्या दुकानात आल्यागेल्या गिऱ्हाइकाला ते सांगितले. काम काय, हे मात्र त्याला नीट सांगता येत नसे. "बिटकॉइनचं हाय कायतरी," एवढे म्हणून तो पंपाच्या वायंडिंगकडे वळे.

काम खरे तर समजायला सोपे होते. बिटकॉइनसारखी जी डोळ्यांना न दिसणारी नाणी असतात, त्यांचा भाव दिवसरात्र वरखाली होत राहतो. माणूस सतत त्यावर नजर ठेवून बसू शकत नाही. म्हणून कंपनीने अशी यंत्रणा बनवली होती, की गिऱ्हाइकाने एक मर्यादा सांगून ठेवायची. भाव ती ओलांडून गेला की यंत्रणा आपोआप त्याला फोन करून त्याच्या भाषेत सावध करणार. ऐकल्याची पोच म्हणून गिऱ्हाइकाने 'एक' हा आकडा दाबायचा. तो दाबला नाही, तर थोड्या वेळाने पुन्हा फोन. लोकांच्या हाती देण्याआधी हे सारे तपासून पाहायचे होते. खोटे भाव यंत्रणेत सोडायचे आणि खरे फोन वाजतात का ते बघायचे, हे संस्कृतीचे काम. मराठी सूचनेसाठी आवाजही तिचाच घेतला होता. रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज येऊ नये म्हणून भरदुपारी अंगावर गोधडी घेऊन, घामाने निथळत, तिने ती वाक्ये आणि ते आकडे मोबाइलमध्ये म्हटले होते: "नमस्कार. आपण निवडलेल्या नाण्याच्या भावात मोठा बदल झाला आहे."

पुण्याहून नीलिमा तिच्यावर देखरेख करी. नीलिमा स्वभावाने चांगली, बोलायला मोकळी. तिनेच एकदा सांगितले, "संस्कृती, आपल्याकडे सगळ्यांचे महागडे फोन आहेत गं. मला एखादा जुना, बटणांचा फोन हवा. नेटवर्क कमी असलेला. आणि उचलणारं माणूस भरवशाचं."

संस्कृतीला विचार करावा लागला नाही. तिने खिडकीतून समोर पाहिले.

कस्तुराबाईंचा फोन ओसरीच्या खांबाला, खिळ्यावर एका शिवलेल्या पिशवीत टांगलेला असे. त्या घरात नेटवर्क फक्त त्या खांबापाशी येई. फोनचे 'एक'चे बटण कधीचे मेले होते; ते दाबले तरी दाबले जात नसे. म्हणजे पोच मिळाली नाही की यंत्रणा पुन्हा फोन करते की नाही, हेही आपोआपच तपासले जाणार होते. आणि भरवशाचे म्हणावे तर कस्तुराबाईंसारखे माणूस नव्हते. त्या कुठल्याही अनोळखी नंबरचा फोन उचलत. का उचलत, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होते.

त्यांचा एकुलता एक मुलगा, पवन, दोन वर्षांपूर्वी भांडून हैदराबादेस निघून गेला होता. घराच्या छपरांवर सोलरच्या प्लेटा बसवण्याचे काम शिकायचे म्हणून त्याला जायचे होते, आणि वडील गेल्यानंतर वर्षही झाले नसताना घर सोडून जाणे आईला पटत नव्हते. त्या दिवशी रागाच्या भरात कस्तुराबाई ओट्यावर उभ्या राहून बोलून गेल्या, "जाशील तं पुन्हा मले तोंड दाखवू नको." पवन गेला. आईचा शब्द त्याने धरून ठेवला आणि आईला तो गिळता येईना. अधूनमधून, कुणाच्या तरी फोनवरून, दर वेळी वेगळ्या नंबरवरून तो दोन शब्द बोले. त्या दोन शब्दांसाठी तो फोन तिथे टांगलेला होता.

संस्कृती एका सकाळी वाटीभर भाजी घेऊन समोर गेली होती. कस्तुराबाई सुपात तूर पाखडत होत्या.

"काकू, तुमच्या फोनवर माझ्या कंपनीचा एखादा फोन येईल. चालेल ना?"

"येऊ दे ना. उचलू काय?"

"उचला, आणि पूर्ण ऐका. बाकी काही करायचं नाही."

कस्तुराबाईंनी सूप थांबवले. "अन् पवनचा आला तं?"

"तो येईलच की, काकू," संस्कृती हसून म्हणाली. ते हसू तिला पुढे फार दिवस आठवणार होते.

एखादा म्हणून सांगितलेला फोन पहिल्याच आठवड्यात सकाळ-संध्याकाळ वाजू लागला. मग दिवसाआड नवीन चाचणी, नवीन भाव. मेलेल्या बटणामुळे प्रत्येक फोनच्या पाठोपाठ आणखी दोन-तीन. कस्तुराबाई एकदाही चुकल्या नाहीत. संस्कृतीने एकदा खिडकीतून पाहिले, तर त्या न्हाणीतून लगबगीने आल्या, ओले हात पुसले, पदर डोक्यावर घेतला आणि मग पिशवीतून फोन काढून कानाला लावला. घरात कुणी वडीलधारे आल्यासारखे. संस्कृतीने नजर पडद्याकडे वळवली. हिरवी खूण उमटली होती.

सूचना ऐकवून झाल्यावर लाइन काही क्षण चालू ठेवायची आणि पलीकडचा माणूस काय बोलतो ते साठवायचे, अशीही सोय यंत्रणेत होती. आवाज नीट पोचला की नाही ते नंतर ऐकून ठरवता यावे म्हणून. संस्कृतीने सुरुवातीलाच विचारले होते, "ताई, हे सगळं ऐकायचं का?"

"छे गं," नीलिमा म्हणाली होती. "कोण ऐकत बसणार? हिरवं झालं ना, मग झालं."

तूर ऐन भरात आली, त्या दिवसांतली ती गोष्ट. त्या दिवशी यंत्रणेवर खरा ताण द्यायचा होता. बाजार वेडापिसा झाल्यावर भाव जसा घटकेत चढतो नि घटकेत कोसळतो, तसे खोटे भाव नीलिमाने पुण्याहून सोडले. सकाळची कामे आटोपून संस्कृती बसली आणि समोरचा फोन जो वाजू लागला, तो दुपार होईपर्यंत थांबलाच नाही. वाजे, थांबे, हिरवी खूण उमटे, पुन्हा वाजे. पुण्यातली अर्धी माणसे कंटाळून फोन बंद करून बसली. तिकडचे रकाने लाल झाले. एकच ओळ वरपासून खालपर्यंत हिरवीगार होती.

"कोण आहेत गं या?" नीलिमाने विचारले.

"शेजारच्या काकू आहेत."

"अगं, त्यांना बक्षीस द्यायला हवं!"

संस्कृती खळखळून हसली होती. बऱ्याच दिवसांनी आपले कुणाला तरी कौतुक वाटते आहे, असे तिला त्या दिवशी वाटले.

संध्याकाळी हरीओम जेवायला बसला. पहिला घास घेता घेता म्हणाला, "आज पवनचा फोन आलता."

"कोण पवन?" तिने विचारले; आणि विचारतानाच तिला कळले होते.

"समोरचा. कस्तुराकाकूचा. अकोल्याहून बोलला, नव्या फोनवरून. त्याच्या ठेकेदारानं त्याले राजस्थानात पाठवलं, मोठं काम हाय म्हने तिकडं, वर्षभराचं. आज वाशीमवरूनच गेला गाडीनं."

"घरी नाही आला?"

"घरी कसा येईन? शब्द पाळून राह्यला ना तो मायचा." हरीओमने भाकरीचा तुकडा मोडला. "मागच्या हप्त्यात काकूले सांगतलं होतं त्यानं, आजच्या दिवशी म्या वाशीमवरून जानार हाय, कोनत्या गाडीनं ते फोन करून सांगतो म्हनून. आज नांदेडपासून लावून राह्यला होता बिचारा. टेशनावर ये म्हनून सांगाले. जीप धरून सहज पोचली असती काकू. पन फोनच बिझी. जव्हा लावला तव्हा बिझी. हिंगोलीले लावला, बिझी. वाशीमले उतरून उभा होता म्हने फलाटावर, गाडी हालेपर्यंत."

"मग तेव्हाच तुम्हाला का नाही लावला त्यांनी?"

"म्याबी तेच म्हनलो. तं म्हने, तू बोलावल्यानं आली असती तं तिचं येनं काय येनं हाय? त्याचं असं झालं, का मायनं मुद्दाम फोन बिझी ठेवला. दोन वर्सांनं बी तिचा राग गेला नाई, आता आपन कायले तोंड दाखवाचं." हरीओमने घास घेतला. "पन म्या म्हनतो, काकू येवढी कोनाशी बोलून राह्यली होती दिवसभर? तिले तं कोनाचाच फोन येत नाई."

संस्कृतीच्या हातात त्याला वाढायची भाकरी होती. ती तिने त्याच्या ताटात ठेवली, पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. "काय माहीत," ती म्हणाली.

हे दोन शब्द तिने का उच्चारले, ते तिला स्वतःलाही सांगता आले नसते. हरीओम रागावणारा माणूस नव्हता. त्याच क्षणी सांगितले असते तर कदाचित त्याच पावली उठून तो समोर गेला असता, पवनला फोन लावून दिला असता. पण शब्द बाहेर पडले, आणि ते बाहेर पडल्यावर त्यांच्या मागे उभे राहणे तिला सोपे वाटले.

दुसऱ्या दिवशी उठून जायचे, असे तिने ठरवले. दुसऱ्या दिवशी चाचणीचा अहवाल द्यायचा होता. तो तिने आधी दिला. अहवालात तिने लिहिले, की जुन्या फोनवर, कमजोर नेटवर्कवर आणि पोच न मिळाल्यासही यंत्रणा उत्तम चालते. ते खरे होते. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि तो लिहिताना तिच्या कानशिलांवर ऊन पडल्यासारखे होत होते. त्यानंतर जायचे, तर दुपारी कस्तुराबाई जरा पडतात. मग संध्याकाळी पाहुणे आले. मग ती स्वतःला समजावू लागली, की पवन पुन्हा फोन करीलच. आपण मध्ये पडून उगाच गुंता वाढेल. फोन बिझी का होता हे शेवटी कुणाला कळणार आहे. प्रत्येक कारण पटण्यासारखे होते आणि एकही पटत नव्हते. खिडकी तिने लावून घेतली. उजेडाचा त्रास होतो, असे सासूला सांगितले.

मग नीलिमाचा फोन आला. "सगळे खूश आहेत. आता एक कर, त्या काकूंचा नंबर कायम ठेव. बड्या लोकांना यंत्रणा दाखवायची आहे ना, तेव्हा त्यांनाच फोन लावू. त्या नक्की उचलतात."

"बघते," संस्कृती म्हणाली.

त्याच दुपारी ती दार उघडून बाहेर आली, तर उंबऱ्यापाशी तिचीच वाटी ठेवलेली होती. मागे भाजी नेली होती ती. वाटीत तुरीचे ताजे सोले होते, हिरवेगार, एकेक निवडून सोललेले. दुसऱ्याचे भांडे रिकामे परत करायचे नाही, ही गल्लीतली रीत. त्यात नवल नव्हते. पण एरवी कस्तुराबाई अंगणातूनच हाक मारत, "संस्कृती, भांडं घे वं!" आज वाटी ठेवून त्या न बोलता निघून गेल्या होत्या. आणि दुसरी गोष्ट तिला वाटी उचलल्यावर जाणवली. वाटी आणून ठेवायची म्हणजे त्या फोन सोडून आल्या होत्या. दोन वर्षांत फोन खांबाला सोडून कस्तुराबाईंना गल्ली ओलांडताना कुणी पाहिले नव्हते.

वाटी हातात धरून तशीच ती समोर गेली.

कस्तुराबाई ओसरीत बसून शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली, पाट पुढे सरकवला. "बस."

संस्कृती पाटावर बसली नाही, जमिनीवर बसली. "काकू, मला तुम्हाला एक सांगायचं आहे."

"पवन येऊन गेला तेच ना? मालूम हाय मले. आपल्या गल्लीतल्या हरिसिंगची रीता होती त्या दिवशी टेशनावर, तिनं पाह्यला. आली तशी सांगाले आली मले." शेंग सोलणारा अंगठा थांबला नव्हता. "उतरला होता म्हने खाली."

"काकू, त्यांनी तुम्हाला फोन लावला होता. नांदेडपासून. लागला नाही. माझ्यामुळं लागला नाही. त्या दिवशी ते सगळे फोन..."

"मालूम हाय," कस्तुराबाई पुन्हा म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर संस्कृतीला बरे वाटले असते. "म्या तुले सांगतलं होतं ना पोरी, का आज थांब म्हनून."

"मला?" संस्कृतीला कळेना. "केव्हा, काकू?"

"फोनवर. तुया आवाज मले वळखू येत नाई काय? पह्यल्याच दिवशी वळखला म्या. पुस्तकातलं बोलत होतीस, पन तूच होतीस. म्या म्हनलं, पोरीले नोकरीत पाठ करा लागत असन हे समदं. आमचा पवन शाळेत होता, तव्हा कविता पाठ करून मलेच म्हनून दाखवे. तसंच तू म्हनून दाखवतेस, असं वाटलं. ऐक म्हनली होतीस ना पूर्न. म्हनून ऐकत होती. मधातच फोन ठेवनं बरं नाई दिसत." त्यांनी सोले वाटीत टाकले. "त्या दिवशी म्या किती खेपा सांगतलं तुले. बाई, आज माया पवनचा फोन येनार हाय, जराशी थांब. तू थांबली नाई. म्या म्हनलं, असन तिलेबी काही अडचन. वरून सायेब लोक बसले असन."

तीन-चार दिवस या बाईने हे मनात ठेवले होते. आपण विनवले, समोरच्या पोरीने ऐकले, आणि तरीही ती थांबली नाही. हे मनात ठेवून त्यांनी सोले सोलले होते आणि वाटी भरून आणून ठेवली होती.

"काकू," संस्कृती म्हणाली, "मी ते ऐकलंच नाही. ती मी नव्हते. आवाज माझा आहे, पण तो एकदाच भरून ठेवलेला. फोन यंत्र करतं. तेच बोलतं."

कस्तुराबाईंचा अंगठा आता थांबला. त्या तिच्याकडे पाहत राहिल्या. जे ऐकले ते समजायला त्यांना वेळ लागला असे नव्हे. ते खरे असेल यावर विश्वास ठेवायला लागला.

"म्हंजे तू नव्हतीस फोनवर?"

"नाही."

"कव्हाच?"

"कधीच नाही."

"मंग म्या कोनाशी बोलून राह्यली होती?"

संस्कृती खाली बघत म्हणाली, "कोणाशीच नाही, काकू."

अंगणात बाजेवर वाळत घातलेल्या ज्वारीवर एक चिमणी बसली होती. एरवी कस्तुराबाईंनी तिला हाकलले असते. त्या बसून राहिल्या. मघाशी सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर दुखावलेपणा होता, पण तो कुणाविषयी तरी होता. आता तोही उरला नाही. संस्कृतीच्या मनात आले, की ऐकूनही न थांबलेली पोरगी या बाईने पदरात घेतली होती. आपण खरे सांगून तीही काढून घेतली.

शेंगा बाजूला सारून कस्तुराबाई म्हणाल्या, "त्याचा नंबर हाय काय हरीओमजोळ?"

"आहे. त्या दिवशीच मी तो माझ्या मोबाइलात घेऊन ठेवलाय. लावू?"

"लाव. पन पह्यले तू बोल. म्या सांगतलं तं त्याले वाटन, माय बहाना करून राह्यली. तू सांग, समदं. मंग मले दे."

संस्कृतीने आपल्या मोबाइलवरून नंबर लावला. पलीकडे वारा होता, लोखंडावर लोखंड आदळण्याचा आवाज होता. "कोन?"

"नमस्कार. मी संस्कृती बोलते आहे," ती म्हणाली, आणि हा तोच आवाज आहे हे तिच्या लक्षात आले; गोधडीखाली काढलेला, घोटलेला, पुस्तकी. ती थांबली आणि तिने पुन्हा सुरुवात केली. "भाऊजी, मी हरीओमची बायको. त्या दिवशी काकूंचा फोन बिझी होता ना, तो माझ्यामुळं होता."

तिने सांगितले. सांगायला फार वेळ लागला नाही. काय तपासत होते, त्यासाठी हाच फोन का निवडला, बटण मेलेले आहे हे ठाऊक असून कसा निवडला, काकूंनी काय विचारले होते आणि आपण हसून काय म्हटले होते. मधेच एकदा "चुकून" हा शब्द ओठांवर आला, तो तिने वापरला नाही. पलीकडचा लोखंडाचा आवाज मागे पडला. पवन बाजूला गेला असावा.

"मंग वहिनी," पवन शेवटी म्हणाला, "झाली काय तुमची मशीन पास?"

"झाली."

"बरं झालं. कोनाचं तं काम झालं." मग, "म्या तिथं उभा राहून मायले शिव्या देल्या. मनातल्या मनात, पन देल्या. ते वापस घेता येत नाई मले आता." वाऱ्याचा आवाज मध्ये आला. "माय हाय काय जोळ? द्या तिले."

संस्कृतीने मोबाइल पुढे केला. कस्तुराबाईंनी हात पुसले, पदर डोक्यावर घेतला आणि मग तो कानाला लावला. संस्कृती उठून अंगणात गेली. जाऊ नये आणि थांबूही नये असे वाटत ती बाजेपाशी उभी राहिली. चिमणी उडाली.

तिला वाटले होते, रडतील, रागावतील, तो शब्द मागे घेतील. तसे काही कानावर आले नाही. कस्तुराबाई विचारत होत्या, "कोन्या फलाटावर लागली होती रे गाडी?... आन् तू कुठीसा उभा होता? नळापाशी?... मांगचा का पुढचा नळ?... हां. हां, पाह्यला हाय म्या तो. तिथून जिना दिसते... जिन्याकडंच पाहून राह्यला होता?... सदरा कोनता होता आंगात?"

त्या एकेक विचारत होत्या आणि तो सांगत होता. जी भेट झाली नव्हती, ती त्या तिथे बसून, एकेक वस्तू जागेवर लावत, पुन्हा मांडत होत्या. संस्कृतीने बाजेच्या सुंभाला धरून ठेवले.

फोन परत देताना कस्तुराबाई म्हणाल्या, "दिवाळीले पाहातो म्हनला." मग खांबावरच्या पिशवीकडे पाहून, "आता तो फोन नाई ना येनार?"

"नाही, काकू. मी आत्ता जाऊन काढते नंबर."

"मंग आता वाजला म्हंजे पवनच."

"हो," संस्कृती म्हणाली. "वाजला म्हणजे पवनच."

दोघींनाही ठाऊक होते, की तो क्वचित वाजेल.

घरी येऊन तिने नंबर काढला. अहवालात तिने जोडले, की हा फोन कशासाठी होता आणि चाचणीने त्याचे काय केले. मग तिने नीलिमाला सांगितले. नीलिमा म्हणाली, "अगं, पण तुला काय माहीत असणार?" हे ती सांत्वनासाठी म्हणत होती. "मला माहीत होतं, ताई," संस्कृती म्हणाली. "सगळं माहीत होतं. म्हणूनच तो नंबर दिला होता."

त्यानंतर तिने साठवलेले आवाज उघडले. ते ऐकल्याने काही सुधारणार नव्हते. पण मी कुणाशी बोलत होते, असे त्या बाईने विचारले होते, आणि निदान आता तरी ते कुणी ऐकायला हवे होते.

प्रत्येक आवाज काही क्षणांचा होता. "कोन? संस्कृती हायस काय वं?" हा पहिला. मग, "बरं म्हनलंस." मग, "आकड्याजोळ जराशी अडकतेस. पानी पे." मग, "आता चांगलं जमलं, सायेब खूश होईन तुया." दिवसांमागून दिवस, एकही फोन शब्दावाचून गेला नव्हता. पुढे तो दिवस आला. "बाई, आज थांबशील काय जराशी, आज माया पव..." तिथे वेळ संपून आवाज तुटला होता. "संस्कृती, आयक ना, फोन येनार हाय त्या..." पुन्हा तुटला. यंत्रणेने त्यांना एकदाही वाक्य पुरे करू दिले नव्हते. प्रत्येक वेळी त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होत्या, आणि तितक्याच मऊपणाने.

शेवटच्या आवाजात शब्द नव्हते. कस्तुराबाई नुसत्या फोन धरून उभ्या असाव्यात. त्यांचा श्वास ऐकू येत होता. आणि त्या श्वासामागे, दुरून, गल्लीच्या अलीकडच्या उघड्या खिडकीतून आलेले कुणाचे तरी हसणे होते, खळखळून, बऱ्याच दिवसांनी हसावे तसे. संस्कृतीला ते ओळखायला एक क्षण लागला.